त्यात काय कठीण आहे?

दुर्गहून राजनांदगावकडे जाताना रसमडा नावाचे लहानसे रेल्वे स्थानक लागते. भिलाईच्या पोलादनगरीच्या परिसरातील हे गाव. या भागात मराठी घरेही पुष्कळ. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्यासाठी आपल्या अभियंत्यांना सोव्हिएत रशियात धाडून शिक्षण देण्यात आले होते. भट्टी पाहताक्षणी समजते, असे कोणी गृहीत धरले नाही.

आता त्याच परिसरात घरोघरी संगणक येत आहेत. परंतु आजीने नातवाला "हे कसे रे करायचे?" म्हणून विचारले, की उत्तर मिळते, "त्यात काय कठीण आहे? दाब इथे!" नातवाची बोटे झरझर फिरतात, काम उरकते आणि आजी होती तेथेच राहते.

वाचकहो, हा दोष आजीच्या बुद्धीचा नव्हे. एखादी गोष्ट अंगवळणी पडली, की ती आपण कधीतरी शिकलो होतो याचाच आपल्याला विसर पडतो. माउसचेच पाहा. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे तो जाहीरपणे दाखविला, तेव्हा समोर सुमारे १००० संगणकतज्ज्ञ बसले होते. टेबलावर हात सरकला की पडद्यावरची खूण सरकते, हे त्या तज्ज्ञांनाही दाखवूनच द्यावे लागले. मग आपल्या आईला वा आजीला ते उपजत कसे यावे?

तेव्हा शिकवावयास बसाल, तर माउस शिकणाऱ्याच्याच हाती द्या आणि आपला हात मागे ठेवा. माउस टेबलाच्या कडेशी पोचला, तर तो उचलून पुन्हा मध्ये ठेवता येतो, हेही सांगावे लागते. बटण दाबून लगेच सोडावयाचे. दोन टिचक्या मारताना माउस हलू द्यावयाचा नाही. पडद्यावरचा बाण निराळा आणि लुकलुकणारी उभी रेघ निराळी. अक्षरे उमटतात ती रेघेपाशी. पडद्यावरचा मजकूर पाटीवरच्या अक्षरांसारखा पुसला जाऊ शकतो. तो जतन करणे म्हणजे वहीत उतरवून ठेवणे. फोल्डर म्हणजे नाव लिहिलेला डबा, त्यात आणखी लहान डबे ठेवता येतात. एका बैठकीला यातील एक-दोन गोष्टी पुरेत. शिकणाऱ्याने त्या स्वतः चारदा केल्यावाचून पुढे जाऊ नये.

शिकणाऱ्याजवळ आधीचे ज्ञान असतेच; त्याचा उपयोग करून घ्यावा. १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी प्रमाणित झालेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकात स्वर डाव्या हाताखाली आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली येतात. शिफ्टची कळ दाबून धरली आणि 'क'ची कळ दाबली, की 'ख' उमटतो. तसेच 'ग'चा 'घ', 'त'चा 'थ' आणि 'प'चा 'फ'. शाळेत वर्णमाला घोकलेल्या आजीला ही मांडणी पटकन उमगते.

शासनाने २०१७ साली प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू केले. त्यात ग्रामीण कुटुंबातील एका व्यक्तीला २० तासांचे शिक्षण मिळे. ३१ मार्च २०२४ रोजी ते संपले, तोवर ६ कोटींहून अधिक लोक शिकले. तथापि त्याची वयोमर्यादा १४ ते ६० वर्षे होती. साठी ओलांडलेल्यांना शिकविण्याचे काम साहजिकच घरच्या माणसांकडे राहिले आहे.

आणि त्यांची गरज लहान नाही. २०१४ पासून पुष्कळ निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला संगणकाद्वारे देता येतो. बँकेचा व्यवहारही त्याच वाटेने होतो. ज्याला पडद्यावरचे स्वतः वाचता येत नाही, तो आपला परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हवाली करतो. दूरध्वनीवरून कोणी गोड बोलून ओटीपी मागितला, तर तोही सांगून बसतो. आयुष्यभराची शिल्लक अशी क्षणात जाऊ शकते.

म्हणून आज सायंकाळी अर्धा तास काढा. आजीने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तर तिसऱ्यांदाही पहिल्याइतक्याच शांतपणे सांगा. आपल्याला पाटीवर 'ग' गिरवावयास शिकविताना तिने किती वेळा हात धरला होता, ते तिने कधी मोजले नव्हते.