उमेदवारी आणि आश्रय

जुन्या गोव्यातील बाँ जेझुस चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांचे थडगे आहे. तेथे जाणाऱ्या बहुतेकांचे लक्ष वरच्या चांदीच्या पेटीकडे असते. ज्या चौथऱ्यावर ती पेटी विसावली आहे, त्याच्याकडे क्वचितच कोणी निरखून पाहतो. वास्तविक ही एकच वास्तू दोन दूरदूरच्या कारखान्यांतून तयार झालेली आहे. वरची पेटी 1636-37 साली गोव्यातल्या कारागिरांनी घडविली. खालचा रंगीत संगमरवराचा चौथरा आणि त्यावरील ब्राँझचे चित्रफलक इटलीतील फ्लॉरेन्स शहरात तयार झाले व जहाजाने येथे येऊन 1698 साली उभे राहिले. हा चौथरा पाठविणारा धनी होता तिसरा कोझिमो मेदिची, म्हणजे ज्या घराण्याचे नाव युरोपातील प्रबोधनकालाशी कायमचे जोडले गेले आहे त्याच घराण्याचा एक वंशज. तेव्हा कलावंत, त्याची उमेदवारी आणि त्याला आश्रय देणारा श्रीमंत यांचे नाते समजून घ्यावयाचे, तर गोमंतकीयांना फार लांब जाण्याचे कारण नाही.

प्रबोधनकाल म्हटले की लिओनार्दो, मायकेलअँजेलो अशी थोर नावे डोळ्यांपुढे येतात आणि या मंडळींची प्रतिभा जणू आकाशातून उतरली असे वाटू लागते. प्रत्यक्षात पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्समध्ये चित्रकार हा सुतार, सोनार यांच्याप्रमाणेच एक कारागीर मानला जाई. त्याच्या कामाच्या जागेला तेथे ‘बोत्तेगा’ म्हणत. या शब्दाचा सरळ अर्थ दुकान. धंद्यांच्या श्रेणी ठरलेल्या होत्या. चित्रकारांचा समावेश वैद्य व औषधविक्रेते यांच्या श्रेणीत होई, कारण रंगाची द्रव्ये औषधांच्या दुकानातच मिळत. सोनार रेशीमवाल्यांच्या श्रेणीत मोडत.

या दुकानात बारा-तेरा वर्षांचा मुलगा उमेदवार म्हणून राहू लागे. आरंभी झाडलोट करावी, रंग खलावेत, फळ्यांवर लेप चढवून त्या घोटून गुळगुळीत कराव्यात, गुरूची रेखाटने पुनःपुन्हा गिरवावीत. मग चित्रातील एखादे झाड, एखादे वस्त्र त्याच्या हाती सोपविले जाई आणि हात बसल्यावर एखादी संपूर्ण आकृती. व्हेरोक्किओच्या ‘ख्रिस्ताचा बाप्तिस्मा’ या चित्रातील एक देवदूत त्याचा शिष्य लिओनार्दो याने रंगविला, तो असाच. गुरूच्या नावाने दुकानाबाहेर पडणाऱ्या चित्रात अनेकांचे हात असत आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे.

मायकेलअँजेलोच्या उमेदवारीचा करार तर तपशीलासह ठाऊक आहे. एप्रिल 1488 मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, तो गिर्लांदायो बंधूंच्या दुकानात तीन वर्षांच्या बोलीने दाखल झाला. त्याला पहिल्या वर्षी 6, दुसऱ्या वर्षी 8 आणि तिसऱ्या वर्षी 10 असे एकूण 24 फ्लोरिन मिळावयाचे होते. पुष्कळ ठिकाणी शिकणाऱ्यानेच गुरूला द्रव्य द्यावे अशी रीत होती. येथे गुरू शिष्याला देत होता. पुढे लवकरच तो लोरेन्झो मेदिचीच्या आश्रयाला गेला. लोरेन्झोच्या बागेत प्राचीन शिल्पांचा संग्रह होता. तो अभ्यासण्याची मुभा त्या पोराला मिळाली आणि धन्याच्या घरी राहून त्याच्या पंक्तीला जेवण्याचा मानही मिळाला. 1492 साली लोरेन्झो निवर्तला तेव्हा मायकेलअँजेलो सतरा वर्षांचा होता.

हे मेदिची मूळचे सावकार. जोव्हान्नी मेदिचीने 1397 साली फ्लॉरेन्समध्ये पेढी घातली आणि पुढच्या दोन पिढ्यांत तिच्या शाखा युरोपभर पसरल्या. त्या काळी ख्रिस्ती धर्माला व्याज घेणे मान्य नव्हते. सावकारीच्या पैशाचा डाग धुऊन काढावयाचा, तर तो पैसा देवकार्याला लावणे हा एक मार्ग होता. जोव्हान्नीचा मुलगा कोझिमो याने सान मार्को मठाची पुनर्बांधणी स्वतःच्या खर्चाने करून दिली, तिच्यामागे ही टोचणी होती. अर्थात पुण्याबरोबर शहरात प्रतिष्ठा मिळे आणि प्रतिष्ठेबरोबर सत्ताही चालून येई. आश्रयदाता निःस्वार्थी होता, असे समजण्याचे कारण नाही.

तो भोळाही नव्हता. 1485 साली गिर्लांदायोने फ्लॉरेन्सच्या अनाथालयासाठी एक चित्र करण्याचे पत्करले, त्याचा करारनामा उपलब्ध आहे. किंमत 115 फ्लोरिन, मुदत तीस महिन्यांची. चित्र त्याने स्वतःच्या हाताने रंगवावे आणि निळा रंग औंसाला चार फ्लोरिन किमतीचाच वापरावा, अशी त्यात अट आहे. हा निळा रंग अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडापासून बनत असे. धनिकाला रंगाचा दर ठाऊक होता. तरीसुद्धा अशा करारांतून दुकान चालत होते, आणि दुकान चालत होते म्हणून उमेदवार शिकत होते. या सर्व व्यवहाराचे मर्म येथेच आहे. धनिकाने दिलेल्या द्रव्यातून त्याच्या पदरी एक चित्र पडे, पण त्याच द्रव्याने एका मुलाची शिकण्याची वर्षेही विकत घेतली जात.

गोव्याला चौथरा पाठविणाऱ्या तिसऱ्या कोझिमोने हे मर्म पुरेपूर ओळखले होते. त्याच्या काळापर्यंत प्रबोधनयुग ओसरले होते, मेदिची आता सावकार राहिले नसून तोस्कानाचे अधिपती झाले होते. परंतु जुनी रीत टिकून होती. आपल्या प्रांतातील होतकरू तरुणांना शिल्पकला शिकता यावी म्हणून त्याने 1673 साली रोममध्ये एक विद्यालय स्वखर्चाने सुरू केले. जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी हा तेथील आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी एक. तीन वर्षे शिकून तो परतला, पुढे दरबारी शिल्पकार झाला आणि जुन्या गोव्यातील तो चौथरा त्याच्याच कारखान्यात घडला. या कामाला सुमारे दहा वर्षे लागली. त्याचे सुटे भाग पेट्यांत भरून लिस्बनमार्गे आणले आणि ते जोडण्यासाठी प्लाचिदो राम्पोनी नावाचा कारागीर जहाजाबरोबर आला. धन्याने विद्यार्थ्यावर केलेला खर्च असा समुद्रापार फळाला आला.

आता दृष्टी वरच्या पेटीकडे वळवावी. ठोकून उठाव दिलेल्या 32 प्रसंगचित्रांची ही पेटी घडविणाऱ्या गोमंतकीय हातांना कोणते शिक्षण मिळाले होते? येथे हे सांगितले पाहिजे की फ्लॉरेन्सचे अनेक थोर कलावंत मुळात सोनारांच्या दुकानात तयार झाले होते. व्हेरोक्किओ सोनारकाम शिकलेला होता, तसेच ब्रुनेलेस्की आणि गिबेर्ती हेही. गिर्लांदायो हे नावसुद्धा बापाच्या सोनारकीवरून पडले. तो मुलींच्या केसांत घालावयाचे सोन्यारुप्याचे गजरे घडवीत असे. म्हणजे ज्या ऐरणीवर युरोपची कला वाढली, तशीच ऐरण गोव्यातही होती. येथील सोनारांचा लौकिक इतका होता, की राऊलू नावाच्या एका गोमंतकीय सोनाराला सोळाव्या शतकाच्या आरंभीच लिस्बनला नेण्यात आले आणि राजा पहिला मानुएल याच्यासाठी त्याने काम केले.

तथापि येथील उमेदवारीची तऱ्हा निराळी होती. विद्या बापाकडून मुलाकडे जाई. नोटरीसमोर करार होत नसे, किती वर्षे शिकावयाचे याची बोली नसे. फुंकणी आणि हातोडी यांच्या संगतीत पोर वाढे आणि वाढता वाढता शिके. आश्रयही अवघड होता. 1567 साली गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती पूजेच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करवून घेण्यास बंदी केली. एकीकडे बंदी आणि दुसरीकडे त्यांच्या कसबाची गरज, अशा कात्रीत ही कला जगली. फ्लॉरेन्सच्या तेरा वर्षांच्या उमेदवाराला कोणत्या वर्षी किती फ्लोरिन मिळणार हे आज सांगता येते, पण गोव्यातल्या पेटीपुढे उभा राहणारा प्रेक्षक कारागिराचे नाव न घेताच परततो. हातांच्या कौशल्यात उणीव नव्हती; उणीव होती ती नाव लिहून ठेवण्याच्या रिवाजात.

आश्रय तुटला की काय होते, याचे उदाहरण डिचोलीच्या शेजारीच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे जाईपर्यंत डिचोलीचा मुलूख सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होता. त्यांच्या आश्रयाने सावंतवाडीत चितारी मंडळींची गंजिफा बहरली. चिंचोक्याची खळ, खडू आणि लाख यांनी सिद्ध केलेली गोल पाने, दशावतारी संचात अशी 120. प्रत्येक पान हाताने रंगविलेले. पुढे छापील पत्ते आले, 1948 साली संस्थान विलीन झाले आणि गंजिफा करून देणारा जाणता कारागीर असा पुंडलिक चितारी हा एक वृद्ध तेवढा उरला. त्याच्यापाशी विद्या होती, पण उमेदवार नव्हता. तेव्हा 1970 च्या सुमारास शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी एक अपूर्व गोष्ट केली. राजेसाहेब स्वतःच त्या वृद्धापाशी शिकावयास बसले. नंतर राजवाड्यातच कारखाना सुरू होऊन नवे चितारी तयार झाले. आश्रयदात्याने शिष्याची जागा घेतली, म्हणून ती साखळी तुटता तुटता वाचली.

एखाद्या गावात राजाही नसेल, सावकारही नसेल; तेथे गाव स्वतःच आश्रयदाता होतो. गोव्याच्या जुन्या गावकरी व्यवस्थेत गावासाठी राबणाऱ्या कारागिरांना आणि देवळाच्या सेवेकऱ्यांना जमीन लावून दिलेली असे. डिचोली तालुक्यातील शिरगावची लईराई देवी कलशरूपाने पूजिली जाते. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेला हजारो धोंड रंगीत गोंड्यांनी सजविलेला वेत हाती घेऊन येतात. कलश कोणीतरी घडवितो, वेत कोणीतरी सजवितो. त्या कसबाचा धनी कोणी एक कोझिमो नाही. दरवर्षी तेथे येणारा सारा भाविक समाज त्याचा धनी आहे.

एकट्या धनिकाचा आश्रय वैभवशाली असतो, पण त्याचे आयुष्य घराण्याच्या आयुष्याइतकेच. समाजाचा आश्रय साधा असतो, पण चिवट असतो. दोहोंची कसोटी मात्र एकच आहे. कारागिराकडून वस्तू घेताना तिच्या किमतीत त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या पोराचे पोट भरते काय, हा प्रश्न फ्लॉरेन्सच्या दुकानालाही लागू होता आणि आज गोव्यातील सोनाराच्या, कुंभाराच्या, चिताऱ्याच्या घरालाही लागू आहे. ज्या घरात या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे येते, तेथली पुढची पिढी नोकरी धरते, आणि एका म्हाताऱ्याबरोबर एक विद्या जाते.