खिचडीपलीकडची अंगणवाडी

‘ह्यूमन सर्व्हिसेस’ म्हटलं की आपल्याकडे दानधर्म आठवतो: ब्लँकेटवाटप, वह्यावाटप आणि त्याचा फोटो. हा पहिला गैरसमज. अमेरिकेत १९६०-७०च्या दशकांत आरोग्य, बालसंगोपन, वृद्धांची काळजी अशा वेगवेगळ्या खात्यांतल्या कामांसाठी हे नाव रुळलं. १९८० मध्ये शिक्षण खातं वेगळं झालं, तेव्हा उरलेल्या केंद्रीय खात्याने ते आपल्या नावातच घेतलं. भुकेलं मूल आजारीही पडतं आणि शाळेतही मागे राहतं, म्हणून मदत एकत्र आणि शिकलेल्या हातांनी व्हावी, एवढाच त्यामागचा विचार.

अकोले तालुक्यात राजूरच्या पुढे, घाटघर-रतनवाडीच्या बाजूला, महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांवर हे काम अंगणवाडी करते. पण ‘तिथे खिचडी मिळते, बाकी काय?’ हा समज भलता चिवट. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत सेवा सहा आहेत: पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, पोषण-आरोग्य शिक्षण आणि गरज पडली तर पुढच्या दवाखान्यात पाठवणं. कुपोषण ओळखायला मुलाच्या डाव्या दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की खूण लाल भागात येते. म्हणजे तीव्र कुपोषण. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खळगा राहतो का, तेही बघावं लागतं. कारण सुजलेलं मूल बाळसेदार दिसतं आणि घरचे निर्धास्त राहतात. हे सगळं खिचडीच्या पातेल्याशेजारीच चालतं, म्हणून कुणाच्या नजरेत भरत नाही.

अंगणवाडीची कल्पना दिल्लीहून आली, असंही मानतात. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली होती. योजना त्यानंतर तीस वर्षांनी आली.

‘सेविकाबाई सरकारी नोकर, पगार घेतात ना!’ हेही खरं नाही. त्यांना मिळतं ते मानधन. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केला, तोही कोर्टकज्जे झाल्यावर.

आणि आहार म्हणजे सरकारची मेहेरबानी नव्हे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, गरोदर बाया आणि स्तनदा माता यांचा तो हक्क आहे. मिळाला नाही तर भत्ता मागता येतो, जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्जही करता येतो.