वूट्स : एका पोलादी शब्दाचे कुळ

अर्थ

दक्षिण भारतात मुशीत तयार होणाऱ्या उच्च-कार्बन पोलादाला इंग्रजीत 'वूट्स' म्हणतात. ते घडवणाऱ्या कारागिरांच्या तोंडी मात्र हा शब्द कधी आला नसावा.

मुंबईहून लंडनला

ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. जॉर्ज पिअर्सन यांनी ते तपासून 1795 मध्ये निबंध सादर केला. हे पोलाद मुंबईत बनते व तेथे त्याला 'वूट्स' म्हणतात, असे त्याच्या शीर्षकातच होते. पण मुंबई हे केवळ बंदर. या पोलादाच्या नामांकित भट्ट्या म्हैसूर, सेलम, तेलंगण भागांतल्या. मराठीत रुळलेला शब्दही वेगळाच, फारसीतून आलेला : पोलाद.

कुळ

कन्नड व तेलुगूत पोलाद म्हणजे 'उक्कु'. तमिळमधील 'उरुक्कु' हा त्याचा सगोत्र. त्यामागे वितळण्याचा अर्थ आहे. कन्नड उच्चारात आरंभीचा 'उ' 'वु'कडे झुकतो. त्यावरून रोमन लिपीत 'वूक' लिहिले गेले असावे आणि नक्कल करताना शेवटचे अक्षर बिघडले असावे, असा तर्क 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात आहे. इतर व्युत्पत्तीही सुचवल्या गेल्या; पण अर्थ आणि भूगोल दोन्ही जुळतात ते 'उक्कु'शीच.

घडण आणि मर्यादा

लोखंडाचे तुकडे, तरवडाची लाकडे व रुईसारख्या झाडांची पाने मातीच्या मुशीत घालून तोंड लिंपत. वनस्पतीतील कार्बन लोखंडात शिरला की त्याचा वितळणबिंदू उतरतो; मूस सावकाश निवली की लहान वडी हाती येते. कार्बन साधारण दीड टक्का. त्यामुळे धार उत्तम, पण फार तापवून ठोकल्यास वडी फुटते. युरोपीय लोहारांना हे पोलाद वश होईना, त्याचे कारण हेच. मायकेल फॅरेडे यांनीही त्यावर प्रयोग केले. आजच्या मिश्रधातूशास्त्राच्या आरंभीच्या कामांत त्यांची गणना होते.

मरोद्याच्या बाजूने

छत्तीसगडमध्ये दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज दुर्गकडे आणणाऱ्या लोहमार्गावर मरोदा स्थानक लागते. याच खनिजावर चालणाऱ्या भिलाई पोलाद कारखान्याच्या रुळांत कार्बन वूट्सच्या जेमतेम निम्मा. छत्तीसगडचे पारंपरिक लोहकर्मी अगरिया. ते लोखंड न वितळवता भट्टीतून घन गोळा काढत, म्हणून त्यांचे लोखंड वूट्स नव्हे. मूळ शब्द मात्र भिलाईच्या एका भावंडाकडे टिकला आहे : विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीचे नाव उक्कुनगरम.