लांब केसांचे मांजर आणि रोजची फणी

गेल्या दिवाळीच्या आठवड्यात दुकानातील गर्दीमुळे घरच्या पर्शियन मांजराकडे आमचे दुर्लक्ष झाले. दोन दिवस ते मान ताणून कोरड्या उबळी काढीत होते. केसांचा गोळा पडला की बरे वाटेल, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली. तिसऱ्या दिवशी त्याने अन्न सोडले. तपासणीत आतड्यात अडथळा आढळला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. ते वाचले, पण चूक आमचीच होती.

मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. त्यांत अडकलेला केस त्याला थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो. बहुतेक केस विष्ठेवाटे निघून जातात. उरलेले जठरात गुंततात आणि अन्ननलिकेतून वातीसारखे लांबट होऊन ओकले जातात. २०१८ साली अमेरिकेतील जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी या काट्यांची टोके पन्हळीसारखी पोकळ असून त्यांतून लाळ केसांच्या मुळांपर्यंत पोहोचते, असे दाखवून दिले. पर्शियन मांजराची लव मात्र इतकी दाट, की तिथे काट्यांची लांबी पुरत नाही. म्हणजेच जिभेचे उरलेले काम आपल्या हातांनी करावयाचे असते.

रुंद दातांची धातूची फणी घेऊन कानामागे, काखेत, पोटाखाली व शेपटीच्या मुळाशी रोज हळुवार फिरवावी. हे काम रोजमेळासारखे आहे: रोजचे रोज केले तर दहा मिनिटांचे, थकवले तर गाठीच गाठी. गाठ कात्रीने कापू नये. मांजराची त्वचा फार पातळ असते. पिसवांचा बंदोबस्त करावा, कारण खाज सुटली की चाटणेही वाढते. कोरड्या खाद्यासोबत पाणी भरपूर आणि ओले खाद्यही असावे. चिमूटभर इसबगोल काहींना मानवतो, पण तो पशुवैद्यांना विचारूनच द्यावा. पॅराफिन तेल तोंडात बळेच ओतणे धोक्याचे. ते नकळत श्वासनलिकेत उतरते.

क्वचित पडणारा गोळा चिंतेचा नाही. मात्र उबळी येऊनही काही बाहेर न पडणे, अन्न सोडणे, शौचास न होणे किंवा निपचित पडून राहणे यांपैकी काही दिसले, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे. वारंवार येणारा खोकला दम्याचाही असू शकतो.

आमची फणी आता दुकानाच्या किल्ल्यांच्या खुंटीलाच टांगलेली असते.