कस्टम गाडी बनवताय? कोटेशनच्या आधी कूलिंगचा हिशेब करा

मागच्या व्हिडिओत आपण मॉडिफिकेशन गॅरेजचं कोटेशन कसं काढायचं ते पाहिलं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, तुमचं सगळ्यात जास्त नुकसान कुठल्या कामात झालं?" उत्तर एकच: कूलिंग.

सुरुवातीच्या दिवसांत एका ग्राहकाची जीप केली होती. त्यांना मोठं डिझेल इंजिन हवं होतं. आरटीओची परवानगी आधी घेतली, मिळाला तेवढा जाड रेडिएटर बसवला आणि दिमाखात डिलिव्हरी दिली. हायवेला गाडी मस्त, पण पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली की काटा वर! तीनदा गाडी परत आली, शेवटी हेड गॅस्केट गेलं. ते फुकट करून दिलं आणि त्या कामाचा सगळा नफा संपला. कमी पडत होती हवा. पंख्याला शराउड, म्हणजे भोवतीचं कव्हर, मी बसवलंच नव्हतं.

उष्णता किती?
ढोबळ हिशेब असा: इंजिन जेवढी ताकद देतं, साधारण तेवढीच उष्णता कूलंटला बाहेर टाकावी लागते. ८० हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ६० किलोवॅट. म्हणजे घरातले २ किलोवॅटचे ३० गीझर एकदम चालू! म्हणून इंजिन ज्या गाडीतून आलं, तिच्या रेडिएटरपेक्षा लहान रेडिएटर घ्यायचाच नाही.

या गोष्टी सोडू नका
- शराउड हवंच. नाहीतर पंखा फक्त समोरच्या गोल भागातूनच हवा ओढतो, कोपरे वाया जातात.
- रेडिएटरच्या कडेच्या फटी रबराने बंद करा. हवेला सोपी वाट मिळाली की ती जाळीतून जात नाही. बॉनेटखालची गरम हवा बाहेर पडायलाही वाट ठेवा.
- झाकण योग्य दाबाचं घ्या. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, १ बारच्या झाकणाखाली साधारण १२० पर्यंत टिकतं.
- कूलंटची टाकी सगळ्यात उंच ठेवा, नाहीतर हवा आत अडकते.
- थर्मोस्टॅट काढून टाकू नका. इंजिन थंडच राहिलं तर डिझेल जास्त जातं आणि झीजही वाढते.
- इलेक्ट्रिक पंखा असेल तर रिले आणि फ्यूज लावूनच जोडा.

दोष कुठे आहे?
ट्रॅफिकमध्ये गरम, हायवेला ठीक: आधी पंखा आणि शराउड बघा. ट्रॅफिकमध्ये ठीक, पण घाटात किंवा वेगात गरम: रेडिएटर लहान आहे, चोकअप आहे, पाण्याचा पंप कमी पडतोय, किंवा गरम हवा बाहेर जात नाहीये.

डिलिव्हरीआधी टेस्ट
आता मी प्रत्येक गाडी दुपारच्या उन्हात एसी लावून अर्धा तास जागेवर चालू ठेवतो. मग खंबाटकी घाट चढवतो. दर पाच मिनिटांनी टेम्परेचर लिहितो आणि तो कागद ग्राहकाला देतो. त्या एका कागदाने जेवढा विश्वास मिळतो, तेवढा जाहिरातीने मिळत नाही.

आणि हो, कोटेशनमध्ये कूलिंगची वेगळी ओळ टाका. ग्राहक म्हणाला, "हे कमी करा ना", तर चकचकीत अलॉय व्हील कमी करा, पण ही ओळ नाही. ती कापली की तो खर्च फिरून तुमच्याच खिशातून जातो.

तुमच्या गॅरेजमध्ये असं काम फसलंय का? कमेंटमध्ये नक्की लिहा.