सायबर तपास : आधी पुरावा, मग निष्कर्ष

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, सायबर हल्ला झाला. बनावट कार्डांच्या साहाय्याने काही तासांत २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट प्रणालीद्वारे आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगमधील खात्यात वळवण्यात आले. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा होता.

दोन घावांमध्ये दोन दिवसांचे अंतर होते. म्हणूनच अशा तपासातील पहिला प्रश्न ‘चोर कोण?’ हा नसतो. ‘चोर अजून घरातच आहे का?’ हा असतो. बाधित संगणक प्रथम जाळ्यापासून तोडले जातात. मात्र ते घाईने बंद केले जात नाहीत, कारण वीज जाताच संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीतील खुणा पुसल्या जातात. त्या खुणा आधी टिपून मगच डिस्कची तंतोतंत प्रत घेतली जाते. मूळ डिस्क मोहोरबंद राहते व तपासणी प्रतीवर होते. प्रत्येक प्रतीचे ‘हॅश’ मूल्य नोंदवले जाते. एक अक्षर जरी बदलले, तरी हे मूल्य बदलते; त्यामुळे पुराव्यात फेरफार झाल्यास तो उघड होतो. पुरावा कोणाच्या हातून कोणाकडे गेला, याचीही वेळेसह नोंद ठेवली जाते.

त्यानंतर निरनिराळ्या यंत्रणांतील नोंदी जुळवून घटनाक्रम मांडला जातो. कॉसमॉस प्रकरणात व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या एटीएम स्विचची प्रतिरूप यंत्रणा हल्लेखोरांनी उभी केली होती. मंजुरीची विनंती बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती. असा निष्कर्ष तर्कावर उभा राहत नाही. प्रत्येक शक्यता नोंदींवर पारखून, न टिकणारी बाजूला सारावी लागते.

या शिस्तीची कसोटी अखेर न्यायालयात लागते. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले. आता सीईआरटी-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांना सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवणे आणि १८० दिवसांच्या नोंदी जपणे बंधनकारक आहे.

सामान्य खातेदारालाही हाच नियम लागू पडतो. फसवणूक लक्षात येताच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी आणि लाजेपोटी वा रागाच्या भरात एकही संदेश पुसू नये. तोच कदाचित एकमेव साक्षीदार असतो.