फ्ल्युओरीन, अमिनो अम्ल आणि एका संज्ञेची व्याप्ती

‘काळ’ आणि ‘गाळ’ या शब्दांत भेद एकाच वर्णाचा. तेवढ्याने अर्थ मात्र सर्वस्वी पालटतो. औषधरचनेत हीच परीक्षा अणूंच्या बाबतीत घेतली जाते. रेणूतील हायड्रोजनचा अणू काढून त्या जागी फ्ल्युओरीनचा अणू बसवावयाचा आणि गुणधर्मांत कोणता पालट होतो ते पाहावयाचे. फ्ल्युओरीनचा अणू हायड्रोजनहून फारसा मोठा नसल्यामुळे तो रेणूच्या घडणीत सामावतो. परंतु कार्बनशी होणारा त्याचा बंध अतिशय बळकट असल्याने शरीरातील एंझाइमांना त्या ठिकाणी रेणूचे विघटन करणे अवघड जाते.

मधुमेहावरील सिटाग्लिप्टिन (अमेरिकेत मान्यता २००६) हे याचे उत्तम उदाहरण होय. आहारानंतर आतड्यातून स्रवणारे जीएलपी-१ हे संप्रेरक इन्सुलिनच्या स्रावास चालना देते. ते अमिनो अम्लांची साखळी आहे. डीपीपी-४ हे एंझाइम तिच्या आरंभीची दोन अमिनो अम्ले छेदते आणि संप्रेरक निष्प्रभ होते. सिटाग्लिप्टिनची घडण बीटा-अमिनो अम्लावर आधारलेली आहे. त्यातील अमिनो गट साखळीच्या अग्राची जागा अडवितो, आणि तीन फ्ल्युओरीन अणू धारण करणारे वलय एंझाइमच्या खोबणीत चपखल बसते. उरलेले तीन फ्ल्युओरीन अणू रेणूच्या दुसऱ्या टोकास आहेत. त्यांच्यामुळे तोंडाने घेतलेले औषध रक्तात पुरेसे पोहोचते.

या रेणूचा वाद न्यायालयात गेला, तेव्हा प्रश्न अर्थाचा झाला. मुंबईच्या ग्लेनमार्क कंपनीने २०१३ मध्ये सिटाग्लिप्टिन फॉस्फेटच्या गोळ्या विक्रीस आणल्या. पेटंटधारक मर्क कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. फॉस्फेट क्षार पेटंटात उघड केलेला नाही, असा प्रतिवादींचा एक मुद्दा होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये निकाल मर्कच्या बाजूने लागला. गोळीतील कार्यकारी द्रव्य सिटाग्लिप्टिनच, असे ठरले.

एका संज्ञेच्या व्याप्तीवर येथे रुग्णाचा खर्च अवलंबून होता. जुलै २०२२ मध्ये पेटंटाची मुदत संपली, अनेक भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत बरीच उतरली. आज भाईंदर किंवा मीरा रोड येथील औषधाच्या दुकानात वेगवेगळ्या नावांच्या वेष्टनांखाली हाच रेणू मिळतो. वेष्टनावरील बारीक अक्षरांतील रासायनिक नाव वाचता येणे, हे म्हणूनच केवळ रसायनज्ञाचे काम नव्हे. शब्द आणि वस्तू यांचा संबंध अभ्यासणाऱ्यानेही तिकडे लक्ष द्यावयास हवे.